बेमेळ भागांची प्रीमियर पद्मिनी : इंजिनाच्या पुनर्बांधणीची शिस्त

कुर्ल्याच्या कारखान्यात तयार झालेली प्रीमियर पद्मिनी ही साध्या यंत्ररचनेची आणि ओळखीच्या मिस्त्रीच्या हातात बसणारी मोटार असल्यामुळे जुन्या गाड्यांची हौस असणारा नवखा मालक सहसा तिच्यापासूनच सुरुवात करतो. परंतु वर्षानुवर्षे पडवीत किंवा सोसायटीच्या आवारात उभी राहिलेली पद्मिनी दुरुस्तीला घेतली की गंजाइतकाच बिकट असा दुसरा प्रश्न पुढे येतो, आणि तो म्हणजे बॉनेटखालचे इंजिन नेमके कोणते आहे हा. ब्लॉक एका गाडीचा, हेड दुसरीचे, पिस्टन तिसऱ्याच मापाचे आणि कार्बोरेटर कोठून तरी मिळवलेला, अशा इंजिनाला या लेखात बेमेळ इंजिन म्हटले आहे. ते चालू असते तेव्हाही धूर, जादा तापणे, तेल खाणे आणि थरथर यांपैकी काही ना काही लक्षण दाखवते, आणि केवळ बिघडलेला भाग बदलून ते सुधारत नाही, कारण बिघाड एका भागात नसून दोन भागांच्या नात्यात असतो.

बेमेळपणा कोठून येतो

वालचंद हिराचंद यांनी १९४४ मध्ये स्थापन केलेल्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सने इटलीच्या फियाट कंपनीशी करार करून १९५० च्या दशकात फियाट ११०० मालिकेचे उत्पादन सुरू केले. ‘डुक्कर फियाट’ या नावाने ओळखले गेलेले आरंभीचे रूप, त्यानंतरच्या एलिगंट आणि सुपर सिलेक्ट, १९६४ ची डिलाइट, १९७२ ची प्रीमियर प्रेसिडेंट आणि १९७४ पासूनची पद्मिनी या साऱ्या गाड्यांचा गाभा एकच, म्हणजे चार सिलिंडरांचे १०८९ घनसेंमी क्षमतेचे पेट्रोल इंजिन. या इंजिनाचा बोअर, म्हणजे सिलिंडरच्या पोकळीचा व्यास, ६८ मिमी आणि स्ट्रोक, म्हणजे पिस्टन खालून वर जाण्याचे अंतर, ७५ मिमी आहे. दीर्घकाळ हीच मापे टिकल्यामुळे एका पिढीचा भाग दुसऱ्या पिढीच्या गाडीत बसतो असा समज गॅरेजांत रूढ झाला. तो बऱ्याच अंशी खराही आहे, पण बसणे आणि जुळणे यांत फरक आहे.

२००० च्या सुमारास पद्मिनीचे उत्पादन थांबल्यावर कारखान्याचे नवे भाग आटत गेले आणि मुंबईतील भंगारात निघालेल्या टॅक्सी हा सुट्या भागांचा मुख्य साठा ठरला. वीस वर्षांच्या वयोमर्यादेमुळे शेवटच्या काळ्या-पिवळ्या पद्मिनी टॅक्सीही ऑक्टोबर २०२३ मध्ये रस्त्यावरून गेल्या, त्यामुळे हा साठाही आता मर्यादित आहे. कुर्ल्याचा भंगार बाजार, ऑपेरा हाउस परिसरातील दुकाने किंवा पुण्याची नाना पेठ येथे मिळणारा जुना भाग बहुधा लाखो किलोमीटर धावलेल्या, एकदा-दोनदा बोअर केलेल्या आणि अनेकदा सीएनजीवर चाललेल्या टॅक्सीतून आलेला असतो, हे गृहीत धरूनच खरेदी करावी.

नावांचे सापळेही आहेत. त्याच कंपनीच्या ११८ एनई या गाडीत निस्सानच्या रचनेचे ११७१ घनसेंमीचे इंजिन होते आणि त्याचा बोअर ७३ मिमी असल्याने ‘प्रीमियरचा पिस्टन’ एवढ्या वर्णनावर घेतलेला भाग निरुपयोगी ठरू शकतो. परदेशातून माल मागवणाऱ्यांची गफलत याहून सूक्ष्म असते. इटलीत विकल्या गेलेल्या फियाट ११००डी या गाडीचे इंजिन ७२ मिमी बोअरचे, १२२१ घनसेंमीचे होते, तर भारतात त्याच देहाच्या गाडीत १०८९ घनसेंमीचेच इंजिन राहिले. म्हणून युरोपात राहणाऱ्या नातलगाकडून ‘११००डी’चे पिस्टन, रिंगा किंवा हेडचे गॅस्केट मागवताना गाडीचे नाव न सांगता मिलिमीटरमधील माप कळवावे.

पाना उचलण्यापूर्वी : कागद आणि सांगाडा

पहिले काम नोंदणी पुस्तकातील म्हणजे आरसीमधील इंजिन क्रमांक आणि चेसिस क्रमांक प्रत्यक्ष गाडीवरील क्रमांकांशी ताडून पाहण्याचे आहे. ब्लॉकवरील क्रमांक तेलाच्या थराखाली दडलेला असतो. तो रॉकेल आणि मऊ ब्रशने स्वच्छ करावा, कानशीने किंवा ग्राइंडरने घासू नये, कारण घासलेला क्रमांक संशयास्पद ठरतो. मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम ५२ नुसार नोंदणीतील तपशिलाशी विसंगत ठरेल असा बदल वाहनात परस्पर करता येत नाही. त्यामुळे ब्लॉकच बदललेला आढळल्यास प्रादेशिक परिवहन कार्यालयात विचारणा करून नोंद नियमित होईल की नाही हे खर्चापूर्वी ठरवावे, आणि बदली ब्लॉक घेताना विक्रेत्याची पावती व मूळ गाडीचे कागद मागून घ्यावेत. जुलै २०२१ मध्ये केंद्रीय नियमांत झालेल्या दुरुस्तीनुसार पहिल्या नोंदणीस पन्नास वर्षे उलटलेल्या आणि चेसिस, बॉडी किंवा इंजिन यांत मोठा बदल न झालेल्या गाडीला ‘व्हिंटेज’ म्हणून वेगळी नोंदणी मिळू शकते. तिचे शुल्क २०,००० रुपये, मुदत दहा वर्षे आणि वापर प्रदर्शन, रॅली, इंधन व देखभाल अशा कारणांपुरता मर्यादित असतो. डिलाइट, प्रेसिडेंट आणि आरंभीच्या पद्मिनी या वयोगटात येतात, म्हणून अशा गाडीत परक्या रचनेचे इंजिन घालण्याचा मोह धरणाऱ्याने ही वाट त्यामुळे बंद होते हे ध्यानात घ्यावे.

दुसरे काम सांगाड्याच्या तपासणीचे. या गाडीला स्वतंत्र चेसिस नाही; पत्र्याची बॉडीच सारा भार पेलते, त्यामुळे गंज हा येथे केवळ शोभेचा प्रश्न राहत नाही. दाराखालची पट्टी, पायाखालचा पत्रा, जॅक लावण्याच्या जागा, पुढच्या सस्पेन्शनचे आधार आणि मागच्या पाट्यांचे, म्हणजे लीफ स्प्रिंगांचे, टेकू येथे बोथट पेचकसाने दाबून पाहावे. पेचकस आत शिरला तर इंजिनाचे काम बाजूला ठेवून आधी पत्राकामाचा अंदाज घ्यावा. कोकणपट्टीत खाऱ्या दमट हवेत राहिलेल्या गाडीबाबत हा क्रम विशेष महत्त्वाचा आहे.

बंद इंजिन उघडण्याची रीत

वर्षानुवर्षे न फिरलेले इंजिन बॅटरी जोडून किंवा गाडी ढकलून सुरू करण्याचा प्रयत्न करू नये. गंजलेल्या सिलिंडरात चिकटलेल्या रिंगा तुटतात आणि दुरुस्त होऊ शकणारा ब्लॉक खरवडला जातो. चारही प्लग काढून प्रत्येक सिलिंडरात पातळ तेल सोडावे, दोन-चार दिवस मुरू द्यावे आणि मग क्रँकच्या पुढच्या नटाला पाना लावून इंजिन हाताने हलके पुढे-मागे करावे. ते मोकळे फिरू लागल्यास कॉम्प्रेशन गेजने प्रत्येक सिलिंडरातील दाब मोजावा. चारही आकडे एकमेकांच्या साधारण दहा टक्क्यांच्या आत असावेत. एखादा आकडा कमी आल्यास त्या सिलिंडरात चमचाभर तेल घालून पुन्हा मोजावे. दाब वाढला तर दोष रिंगांचा किंवा बोअरचा आणि वाढला नाही तर बहुधा व्हॉल्व्हचा किंवा हेड गॅस्केटचा, असा निष्कर्ष निघतो.

इंजिन खोलताना प्रत्येक भाग कोणत्या सिलिंडरचा आणि कोणत्या दिशेने बसलेला होता याची नोंद करावी. मेन बेअरिंगच्या टोप्या ब्लॉकवर बसवूनच कारखान्यात एकत्र बोअर केलेल्या असतात आणि कनेक्टिंग रॉडची टोपी आपल्याच रॉडबरोबर जन्मते. त्यामुळे एका ब्लॉकची टोपी दुसऱ्यावर चढवली तर बोल्ट बसतात, पण भोक पूर्ण गोल राहत नाही आणि नवे बेअरिंगही अल्पावधीत जळते. रॉड आणि टोपी यांवरील अंक परस्परांशी जुळत नसतील तर बेमेळपणाचा तो सर्वांत बोलका पुरावा समजावा आणि असा रॉड लेथवर दुरुस्त करून घेण्यापेक्षा बदलावा.

मापन : कोणाला आधार मानायचे

बेमेळ इंजिन सुधारण्याचे सूत्र असे की एक भाग आधार म्हणून निश्चित करावा आणि बाकीचे त्याच्या मापाला आणावेत. पद्मिनीत हा मान ब्लॉकचा, कारण नोंदणीचा क्रमांक त्याच्यावर असतो. ब्लॉकला तडा नाही याची खात्री झाल्यावर बोअर गेजने प्रत्येक सिलिंडर वर, मध्ये आणि खाली, तसेच क्रँकच्या रेषेत आणि तिच्या आडव्या दिशेने, असा सहा ठिकाणी मोजावा. वरची आणि खालची मापे भिन्न आली तर सिलिंडर निमुळता झाला आहे आणि आडवी-उभी मापे भिन्न आली तर तो लंबवर्तुळाकार झाला आहे. झीज साधारणतः ०.१५ मिमीपलीकडे गेली असल्यास नुसत्या नव्या रिंगा टाकून भागत नाही; सिलिंडर पुढच्या मापाला बोअर करून ओव्हरसाइज, म्हणजे मूळ मापापेक्षा किंचित मोठे, पिस्टन बसवावे लागतात.

बेमेळ इंजिनात अनेकदा असे आढळते की तीन सिलिंडर मूळ मापाचे आणि एकच पूर्वी बोअर केलेला आहे. समजा, तीन सिलिंडर ६८.० मिमीचे आणि एक ६८.६ मिमीचा आहे. क्षमतेच्या हिशेबाने पहिल्या तिघांची प्रत्येकी सुमारे २७२.४ आणि चौथ्याची २७७.२ घनसेंमी होते, म्हणजे फरक पाच घनसेंमीहूनही कमी; एवढ्यावरून कोणी दुर्लक्ष करील. परंतु मोठ्या पिस्टनचे वजन वेगळे असते आणि दर फेऱ्याला वर-खाली फेकले जाणारे हे वजन असमान असले की वेग वाढताच इंजिन थरथरू लागते. म्हणून चारही सिलिंडर सर्वांत मोठ्या मापाला एकत्र बोअर करावेत; सर्वच ६८.६ मिमी झाले तरी इंजिनाची क्षमता केवळ ११०९ घनसेंमीच्या आसपास जाते आणि स्वभाव बदलत नाही. एखादा सिलिंडर मर्यादेपलीकडे गेला असेल तर त्यात स्लीव्ह, म्हणजे बिडाची नळी, दाबून पुन्हा मूळ मापाला आणता येते. पिस्टन आधी विकत घ्यावेत, त्यांचे माप मिस्त्रीच्या हाती द्यावे आणि मगच बोअर करावे. उलट क्रमाने केल्यास पिस्टन आणि भिंत यांतील पोकळी नशिबावर सोडली जाते.

पिस्टनचा व्यास जुळला म्हणजे पिस्टन जुळला असे होत नाही. पिनच्या मध्यापासून माथ्यापर्यंतचे अंतर, पिनचा व्यास, माथ्याचा आकार, रिंगांच्या खाचांची रुंदी आणि वजन ही पाचही मापे चारही पिस्टनांत समान हवीत. पिनपासून माथ्याचे अंतर अर्ध्या मिलिमीटरने जास्त असलेला पिस्टन आपल्या सिलिंडरातील मोकळी जागा सुमारे १.८ घनसेंमीने घटवतो. कॉम्प्रेशन रेशो, म्हणजे पूर्ण भरलेल्या सिलिंडराचे त्याच्या दाबलेल्या अवस्थेशी असलेले प्रमाण, मुळात ७.५ धरले तर त्या एका सिलिंडरात ते ७.८ च्या जवळ जाते आणि इंजिन संथ चालीतही एकसारखे चालत नाही. पिस्टन आणि रॉड सोनाराच्या किंवा तत्सम अचूक काट्यावर तोलावेत आणि त्यांच्यातील फरक चार-पाच ग्रॅमच्या आत आणावा. रिंग बोअरमध्ये सरळ बसवून तिच्या टोकांमधील फट फीलर गेजने तपासावी. या बोअरला ती साधारण ०.२५ ते ०.४० मिमी चालते, परंतु रिंगांच्या पाकिटावर वेगळा आकडा असल्यास तोच मानावा.

क्रँकचे जर्नल, म्हणजे बेअरिंगमध्ये फिरणारे गुळगुळीत भाग, मायक्रोमीटरने मोजावेत. पूर्वी ग्राइंडिंग झालेल्या क्रँकला अंडरसाइज बेअरिंग लागते. बाजारातील ‘दहाचे’, ‘विसाचे’ बेअरिंग म्हणजे इंचाच्या दहा किंवा वीस सहस्रांशांनी, अर्थात ०.२५४ किंवा ०.५०८ मिमीने कमी केलेल्या जर्नलचे. एकाच क्रँकवर रॉडचे जर्नल एका मापाचे आणि मेन जर्नल दुसऱ्या मापाचे असू शकतात, त्यामुळे ‘सेट’ न मागता दोन्ही मापे स्वतंत्रपणे सांगावीत. क्रँक, फ्लायव्हील आणि क्लच प्लेटचे आवरण वेगवेगळ्या गाड्यांतून आले असल्यास तिन्ही एकत्र बसवून यंत्रावर बॅलन्स करून घ्यावेत. असे काम कोल्हापूरच्या उद्यमनगरात किंवा मोठ्या शहरांतील इंजिन रीकंडिशनिंगच्या कारखान्यांत होते.

आट्यांकडेही लक्ष हवे. फियाटची रचना मेट्रिक मापांची आहे, परंतु घाईच्या दुरुस्तीत इंची आट्यांचे बोल्ट दांडगाईने पिळून बसवलेले आढळतात. विशेषतः हेडचे स्टड, मॅनिफोल्डचे स्टड आणि सम्पचे बोल्ट आटेमापक पट्टीने तपासावेत. आटे गेलेल्या भोकात तारेच्या कड्यांचा आटेसंच बसवून मूळ माप परत आणता येते.

हेड, व्हॉल्व्ह आणि टायमिंग

या इंजिनाचा ब्लॉक बिडाचा आणि हेड ॲल्युमिनियमचे आहे. भिन्न धातू पाण्याच्या संपर्कात आले की त्यांतील एक झिजतो आणि येथे झिजण्याची पाळी ॲल्युमिनियमवर येते. साध्या नळाच्या पाण्यावर चाललेल्या टॅक्सीच्या हेडमध्ये पाण्याच्या वाटांच्या कडा कुरतडल्यासारख्या दिसतात त्या यामुळेच. हेडवर सरळ पट्टी ठेवून फीलर गेजने वाक मोजावा आणि फेसिंग, म्हणजे पृष्ठभाग सपाट करण्याचे काम, गरजेपुरतेच करावे. बेमेळ हेड पूर्वी कितीदा फेस झाले आहे हे कळत नाही, म्हणून त्याची उंची मूळ मापाशी ताडावी आणि प्रत्येक ज्वलनकक्षात पेल्याने मोजून पातळ तेल ओतून चारही कक्षांचे आकारमान समान आहे का ते पाहावे. फार पातळ झालेले हेड दाब वाढवते आणि इंजिन चढावर खडखडू लागते.

भारतात २००० पासून शिसेविरहित पेट्रोलच विकले जाते. शिसे हे व्हॉल्व्ह आणि त्याची बैठक यांमध्ये संरक्षक थर देत असे. ते गेल्यावर मऊ बैठकीत व्हॉल्व्ह खोल रुतत जातो आणि टॅपेटची फट आपोआप कमी होते. म्हणून एक्झॉस्ट बाजूला कठीण धातूच्या बैठका बसवून घेणे हा एकदाच होणारा, पण टाळू नये असा खर्च आहे. व्हॉल्व्हची दांडी गाइडमध्ये हलत असेल तर ग्राइंडिंगपूर्वी गाइड बदलावी, अन्यथा घासलेली बैठक एककेंद्री राहत नाही.

कॅमशाफ्ट वेगळ्या पिढीची असण्याची शक्यता डायल गेजने तपासता येते : आठही व्हॉल्व्हची उचल मोजावी आणि सर्व इनलेटची आपापसांत व सर्व एक्झॉस्टची आपापसांत तुलना करावी. टायमिंग चेनची दोन्ही चाके एकाच संचातील असावीत, कारण त्यांवरील खुणा जुळल्या तरच व्हॉल्व्ह योग्य क्षणी उघडतात. प्लगच्या बाबतीत आट्यांची लांबी पाहावी. गरजेपेक्षा लांब प्लग पिस्टनच्या माथ्यावर आदळू शकतो आणि आखूड प्लगभोवती काजळी साचते. ज्वलनाचा क्रम १-३-४-२ असून डिस्ट्रिब्युटर वेगळ्या गाडीचा असल्यास त्याची फिरण्याची दिशा आणि आतील वजनांचे स्प्रिंग तपासल्याशिवाय वायरी लावू नयेत.

कार्बोरेटरच्या जेटवरील अंक बहुधा छिद्राचा व्यास मिलिमीटरच्या शतांशांत सांगतो. १२० अंकाचे जेट म्हणजे १.२० मिमीचे छिद्र. सीएनजी टॅक्सीतून आलेल्या कार्बोरेटरात जेट बदललेले किंवा तार घालून रुंदावलेले असण्याचा धोका असतो, आणि तसे जेट स्वच्छ करत बसण्यापेक्षा बदलणे श्रेयस्कर. आज पंपावर मिळणाऱ्या पेट्रोलमध्ये वीस टक्क्यांपर्यंत इथेनॉल असते. ते जुन्या रबराला फुगवते आणि दीर्घकाळ उभ्या गाडीच्या टाकीत ओल धरते. त्यामुळे पेट्रोल पंपाचा पडदा, कार्बोरेटरच्या सुईची गादी आणि सर्व नळ्या इथेनॉल सहन करणाऱ्या द्रव्याच्या घ्याव्यात, आणि टाकी आतून धुऊन गंज निघाल्याशिवाय ती जोडू नये.

जोडणी, पहिली सुरुवात आणि पहिले किलोमीटर

जोडणी करताना हेडचे नट मध्यापासून बाहेर, दोन-तीन टप्प्यांत, टॉर्क पान्याने आवळावेत. ताकदीचा आकडा निर्मात्याच्या पुस्तिकेतूनच घ्यावा, कारण ॲल्युमिनियमवर अंदाज महाग पडतो. रेडिएटर स्वच्छ करून गंजरोधक कूलंट भरावे. इंजिन सुरू करण्यापूर्वी प्लग काढून स्टार्टरने ते फिरवावे आणि तेलाचा दाब येतो याची खात्री करावी. नवी कॅमशाफ्ट बसवली असल्यास टॅपेटही नवे असावेत आणि पहिली काही मिनिटे संथ चाल टाळून मध्यम वेग ठेवावा, म्हणजे कॅमला तेल पोचते. पहिल्या पाचशे किलोमीटरनंतर तेल व फिल्टर बदलावे, टॅपेट पुन्हा लावावेत, गॅस्केटच्या निर्मात्याने सांगितले असल्यास हेड पुन्हा आवळावे, आणि तोपर्यंत पूर्ण थ्रॉटल देऊन घाट चढू नये.

इंजिन चालू झाले म्हणजे गाडी रस्त्याला लागली असे समजू नये. पद्मिनीला चारही चाकांना ड्रम ब्रेक आहेत. उभ्या गाडीत मास्टर सिलिंडर आणि चाकांतील छोटे सिलिंडर गंजलेले आणि रबरी नळ्या कडक झालेल्या असतात. या सर्वांचे काम होईपर्यंत इंजिनाची परीक्षा आवारातच घ्यावी.

खर्चाचा क्रम आणि नोंदवही

पैसा मर्यादित असल्यास क्रम असा ठेवावा : आधी सांगाडा आणि ब्रेक, मग ब्लॉक व क्रँक, त्यानंतर हेड, शेवटी रंग आणि चकाकी. मूळ कारखान्याच्या शिक्क्याचा पण झिजलेला भाग आणि नव्या उत्पादकाचा पण मापात बसणारा भाग यांत निवड करावी लागली तर चालवण्याच्या गाडीसाठी दुसरा स्वीकारावा आणि पहिला खूण करून जपून ठेवावा. व्हिंटेज नोंदणी हवी असलेल्या मालकाने मात्र हा निर्णय नियम पाहून घ्यावा.

सर्व काम पूर्ण झाल्यावर सिलिंडर, पिस्टन, जर्नल, बेअरिंग, हेडची उंची, जेटचे अंक आणि प्रत्येक बदली भागाचा उगम एका वहीत लिहून ती गाडीच्या कागदांबरोबर ठेवावी. बेमेळ इंजिन बहुतेक वेळा अज्ञानातून नव्हे, तर आधीच्या मिस्त्रीने काय केले हे पुढच्याला न कळल्यामुळे घडत जाते. ‘सर्व बोअर ६८.६, रॉडचे जर्नल विसाचे’ एवढी एक ओळ लिहिलेली असली, तर दहा वर्षांनंतर इंजिन पुन्हा उघडणाऱ्याला कोणते भाग मागवायचे हे झाकण काढण्यापूर्वीच कळते.